तीन कार्डांवरचे रक्तगट

ही घटना आठवायला मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. निवृत्तीला दोन वर्षं होती, नेमणूक पोलादपूर भागात. सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना डोंगरातल्या एका गावच्या पोलीस पाटलांचा फोन आला.

“साहेब, एक बाई कड्यावरून पडली, महाडला नेलीय. लाकडाला गेलती असं नवरा म्हनतो. पन कोयती तर घरात टांगलेली हाय.”

मी हवालदाराला घेऊन थेट महाडचा दवाखाना गाठला. बाई शुद्धीवर होती, पण पोटात रक्तस्राव चालू होता. ऑपरेशनला रक्त हवं होतं. डॉक्टरीणबाई नवऱ्याला विचारत होत्या, “हिचा रक्तगट माहीत आहे का?”

“ओ पॉझिटिव्ह. माजा पन ओच. पोरीचा बी पॉझिटिव्ह.”

पोरीचा कुणी विचारलाच नव्हता. आमच्याकडच्या नवऱ्यांना बायकोची जन्मतारीख विचारली तर ते सासऱ्याला फोन लावतात. ह्याला मात्र तिघांचे गट पाढ्यांसारखे पाठ! मी त्याला मागच्या खोलीत बसवलं आणि चहा दिला. मार खाऊन माणूस काहीही कबूल करतो. चहा देऊन आपण गप्प बसलो की त्याला खरं बोलल्यावाचून राहवत नाही.

“पोरीचा गट कशाला पाठ केलास?” कप रिकामा झाल्यावर मी विचारलं.

त्याने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तीन कार्डं. एमआयडीसीतल्या कारखान्याचं त्याचं, बाळंतपणातलं बायकोचं आणि पोरीचं शाळेचं ओळखपत्र, त्याच वर्षी मिळालेलं.

“कंपनीत एक शिकलेला हाय. तो बोलला, आई-बाप ओ आनि ओ असंल तर पोर बी गटाचं होतच नाय. तीन महिनं हिला इचारतोय, कोन हाय तो? ती म्हनते, कोन नाय. आज ढकलली.”

मलाही कॉलेजात हेच शिकवलं होतं. ढकलणं गुन्हा, पण संशय खरा, असं मी मनाशी ठरवून टाकलं. मृत्यूपूर्व जबाब घ्यायला नायब तहसीलदार निघाले होते. ते पोचायच्या आत मी तिच्या खाटेजवळ गेलो आणि विचारलं, “बाई, पोरगी कोणाची?”

तिने माझ्याकडे पाहिलं. “साहेब, तुमीपन?” एवढंच म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

नायब तहसीलदार जबाब घेऊन बाहेर आले, तेव्हा डॉक्टरीणबाई दारात घामाघूम उभ्या होत्या. “ओच्या चार पिशव्यांशी हिचं रक्त जुळवून पाहिलं. एकही जुळत नाही. हिचा गट ओ नाहीच, बॉम्बे नावाचा दुर्मीळ गट आहे. साध्या तपासणीत ओसारखाच दिसतो, पण हिला ओ चालत नाही.”

मी सहज म्हणालो, “नवरा ओ. मुलगी मात्र बी आहे.”

“असणारच,” त्या म्हणाल्या. “ह्या गटात आईकडे बी असला तरी तिच्या रक्तात दिसत नाही. पोटच्या पोरीत उतरतो.”

मी तिला सांगायला आत धावलो, तर तिची शुद्ध हरपली होती. मुंबईत त्या गटाचा एक दाता सापडला, रक्त घेऊन गाडी निघाली. गाडीने माणगाव सोडलं आणि इकडे बाई गेली.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. पोरगी त्याचीच, हे पुढे डीएनए अहवालही सांगणार होता. तो रडला नाही. मुद्देमालात जमा केलेल्या कार्डांकडे बोट दाखवून म्हणाला, “साहेब, पोरीचं तेवढं द्या. त्याच्यावर फोटो हाय.” मुद्देमाल परत देता येत नाही.

त्याला जन्मठेप झाली. मुलगी आजोळी दासगावला वाढते आहे. तपासाबद्दल मला प्रशस्तिपत्रक मिळालं. ते मी भिंतीवर लावलं नाही. दोन माणसांचं रक्त एका अक्षराखाली मोडत असलं तरी ते सारखं असेलच असं नाही, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं. त्या अक्षराच्या जोरावर नवऱ्याने बायकोला ढकललं आणि मी, कायद्याचा माणूस, मरणाऱ्या बाईकडे हिशेब मागितला.

नायब तहसीलदारांच्या जबाबात ‘नवऱ्याने ढकललं’ एवढंच आहे. माझा प्रश्न आणि तिचे ते दोन शब्द मी कुठल्याच कागदावर येऊ दिले नाहीत. आज इथे पहिल्यांदा लिहिले.