कुंपणावरचे दोन डोळे

वर्लिन स्टकी जन्मभर दगडाच्या कारखान्यात करवतीवर उभा राहिला. इंडियानाच्या दक्षिणेकडचा तो पांढरा दगड कापता कापता त्याला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले, आणि निवृत्त झाल्यावर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरायला लागला. तरी माणूस खुशीत होता. बायको लिओटा, मागच्या अंगणात पाच कोंबड्या, सकाळी ताजी अंडी. आणखी काय लागतं?

मे महिन्यात एका सकाळी खुराड्यापाशी एक कोंबडी पडलेली दिसली. अंग जाळीच्या आत होतं, मुंडकं नव्हतं. पुढच्या आठवड्यात दुसरी तशीच. वर्लिनला कुणी सांगायची गरज नव्हती. तरुणपणी त्याने बापाबरोबर कुत्री घेऊन रानात रॅकून नावाची, डोळ्यांवर काळी पट्टी असलेली जनावरं मारली होती, कातडी सोलून विकली होती. जाळीतून हात घालून कोंबडी ओढायची ही रीत त्या काळ्या पट्टीवाल्या चोराचीच. त्याने खुराड्याला कडी लावली, तर पठ्ठ्याने रात्रीतून कडी उघडली. त्याने खिट्टी लावली, तर खिट्टीही उघडली.

"तुझ्यापेक्षा त्याचे हात चांगले चालतात," लिओटा म्हणाली.

गावात खरी बंदूक झाडायची सोय नव्हती, शेजारपाजार लगेच पोलिसांना फोन करतो. म्हणून वर्लिनने छर्‍याची बंदूक आणली. नळी मोडून छर्रा भरायचा, आवाज म्हणजे नुसती टाळी. नळीखाली बॅटरी बांधली, जनावर बुजू नये म्हणून तिच्या काचेवर लाल कागद चिकटवला, आणि मागच्या पडवीत घडीची खुर्ची टाकून बसला.

"तुला ऐकू येत नाही, धड दिसत नाही," लिओटा खिडकीतून म्हणाली. "म्हणजे तो येऊन तुझ्या मांडीवर बसला तरच तुला कळणार."

"तू झोप."

"झोपतेच. माझ्यावर झाडू नकोस म्हणजे झालं."

दोन रात्री काही आलं नाही. तिसर्‍या रात्री, गुरुवारी, शेजारच्या मिसेस प्रुइटच्या बाजूच्या कुंपणावर दोन डोळे चमकले. वर्लिनने श्वास रोखला आणि चाप ओढला. डोळे विझले. काहीतरी धप्पकन पलीकडे पडलं, ते त्याला पायाखालच्या फळ्यांतून जाणवलं. बॅटरी घेऊन तो कुंपणापाशी गेला. एका पानावर रक्ताचा थेंब होता. बाकी काही नाही. लागला मात्र नक्की, असं म्हणून तो समाधानाने झोपला.

सकाळी तो कॉफी ओतत होता. लिओटा खिडकीपाशी उभी होती.

"मिसेस प्रुइट हाका मारतायत."

"कुणाला?"

"डीकनला. रात्री घरी आला नाही म्हणे."

डीकन म्हणजे मिसेस प्रुइटचा बोका. करडा, पट्टेरी, आणि खाऊन खाऊन रॅकूनएवढा झालेला. मिसेस प्रुइट ऐंशीच्या होत्या. वर्लिनच्या दोन्ही मुलांना त्यांनीच तिसरीत शिकवलं होतं, त्यामुळे पन्नास पावलांवर राहूनही तो त्यांना कधी पहिल्या नावाने हाक मारू शकला नाही.

त्याची कॉफी कपाबाहेर सांडली.

"वर्लिन," लिओटा हळूच म्हणाली, "तू रात्री काय बघितलंस?"

"डोळे."

"डोळे सगळ्यांनाच असतात. कान कसे होते? गोल की टोकदार?"

वर्लिनने आठवून पाहिलं. कान आठवेनात. शेपटी? शेपटी होती का? जितकं आठवायला जावं तितकं ते लाल उजेडातलं धूड कधी रॅकून व्हायचं, कधी बोका. थोड्या वेळाने तर त्याला डीकनच्या गळ्यातली घंटीसुद्धा दिसायला लागली, आणि डीकनच्या गळ्यात घंटी कधी नव्हतीच.

तो बाहेर गेला तेव्हा मिसेस प्रुइट काठी टेकत झुडपांत वाकून बघत होत्या.

"वर्लिन, बरा आलास. माझ्यानं खाली वाकवत नाही. जरा त्या लायलॅकच्या झुडपाखाली बघ ना."

त्याने बघितलं. अगदी पोटावर झोपून बघितलं. काय सापडावं अशी इच्छा आहे तेच त्याला कळत नव्हतं. मेलेला बोका सापडला तर मेलो, आणि मेलेला रॅकून सापडला तर सुटलो. पण काहीच सापडलं नाही, आणि तो धड मेलाही नाही, धड सुटलाही नाही. दुपारी मिसेस प्रुइटनी डीकनचा फोटो छापलेले कागद त्याच्या हातात दिले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. पशुखाद्याच्या दुकानात कागद चिकटवताना दुकानदार सहज म्हणाला, "बिचारा, कुणी मारलाबिरला तर नसेल?" तर वर्लिनच्या हातातली चिकटपट्टी त्याच्याच बोटांना गुंडाळली गेली.

"तुझ्यासारखा शेजारी मिळायला भाग्य लागतं," संध्याकाळी मिसेस प्रुइट म्हणाल्या आणि त्याला रुबार्बच्या आंबट देठांची घरी भाजलेली अर्धी पाई दिली. ती त्याने न खाताच लिओटापुढे सरकवली.

"सांगून टाक," लिओटा म्हणाली. मग भांडी विसळता विसळता म्हणाली, "नको सांगूस. तुला तरी कुठं ठाऊक आहे?" आणि झोपताना परत, "सांगच. नाहीतर तू असाच कुशी बदलत राहणार." मग तिने छताकडे कान लावला. "माळ्यावर पाखरं आहेत का रे? चिवचिव ऐकू येतेय."

"धुराड्यात शिरली असतील. दरवर्षी शिरतात." त्याला स्वतःला काही ऐकू येत नव्हतंच.

शनिवारी सकाळी तो टोपी हातात धरून मिसेस प्रुइटच्या स्वयंपाकघरात उभा राहिला.

"मिसेस प्रुइट, मला वाटतं, मी डीकनला मारलं. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"रात्री रॅकूनवर छर्रा मारला. म्हणजे रॅकून आहे असं समजून मारला. पण काय होतं ते दिसलं नाही."

म्हातारीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वर्लिन, एक तर तू मारलंस, नाहीतर मारलं नाहीस."

"तेच मला कळत नाहीये."

"आणि काल दिवसभर माझ्याबरोबर त्याला शोधत फिरलास?"

"हो."

"घरी जा," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. जाताना त्याने मागे बघितलं, तर त्या डीकनची ताटली धुऊन कपाटात ठेवत होत्या.

रविवारी दुपारी लिओटाने त्याचा दंड धरून हलवलं. "उठ. बाहेर बघ."

मिसेस प्रुइट हिरवळीवरून येत होत्या. काठी घरीच होती, कारण दोन्ही हातांत डीकन होता. वाळलेला, चिडलेला, अंगाला रंगाचा वास. दोन घरं सोडून रिकाम्या घरात रंगारी आले होते, गुरुवारी संध्याकाळी काम आटोपून त्यांनी गॅरेज बंद केलं तेव्हा हा आत राहिला, आणि आज घर बघायला आलेल्या कुणीतरी ते उघडलं तेव्हा सुटला.

"हा बघ," त्या म्हणाल्या. "तू काही याला मारलेलं नाहीस."

वर्लिन हसला. लिओटाही हसली. त्याने डीकनच्या डोक्यावर हात ठेवायला पाहिलं तर डीकनने ओरखडा काढला, आणि त्याचंही सगळ्यांना हसू आलं. मग वर्लिनचं हसू मधेच थांबलं.

"मग ते रक्त कुणाचं?"

कुणी उत्तर देण्याआधी लिओटाने नाक मुरडलं. "सकाळपासून मला इथं घाण येतेय. उंदीर मेला असेल असं वाटलं."

पडवीच्या फळ्यांखाली माशा घोंघावत होत्या. वर्लिन गुडघ्यांवर रांगत आत शिरला. रॅकून भिंतीला पाठ लावून, जणू झोपायला आल्यासारखा पडला होता. कुंपणापलीकडून वळसा घालून तो जिवाच्या आकांताने इथपर्यंत सरपटत आला होता, वर्लिनच्या खुर्चीच्या बरोबर खाली. त्याने त्याला उलटं केलं. शेकडो कातडी सोललेल्या माणसाला दुसर्‍यांदा बघावं लागलं नाही. मादी होती. सड दुधाने भरलेले होते.

तो रांगतच बाहेर आला.

"लिओटा, ती पाखरं अजून चिवचिवतायत?"

"कालपासून कमी झालीत. का रे?"

शिडी लावून तो माळ्यावर चढला. कोपर्‍यात छताची फळी उचकटलेली होती, आणि थंडी अडवायला भिंतीत भरतात त्या गुलाबी कापसात चार पिल्लं होती. तीन धुगधुगत होती. चौथं गार होतं. त्याने तिघांना कपड्यांच्या टोपलीत घालून खाली आणलं. मिसेस प्रुइट अजून तिथेच उभ्या होत्या. त्यांनी टोपलीत डोकावलं आणि डीकनला घरात कोंडून परत आल्या.

"शेजारच्या काउंटीत एक बाई रानातली जनावरं सांभाळते. तिच्याकडे परवाना आहे," त्या म्हणाल्या. "मी फोन करते. तू गाडी काढ."

"तुम्ही येताय?"

"मग टोपली कोण धरणार?"

ती बाई चाळिशीची होती, रबरी बूट घातलेली. तिने हातमोजे चढवले, एकेक पिल्लू उचलून पोट चाचपलं, कोमट बाटली लावली.

"आई?"

"मी मारली," वर्लिन म्हणाला. कुणी थांबवायच्या आत पुढे म्हणाला, "माझ्या कोंबड्या खात होती."

"खाणारच," ती म्हणाली. "पोरं होती ना."

"यांचं काय करणार?"

"जगली तर शरद ऋतूत लांबच्या रानात सोडेन."

"तिथं कुणाच्या तरी कोंबड्या असतीलच."

"असतील," बाई म्हणाली आणि दुसरं पिल्लू उचललं.

परतताना मिसेस प्रुइट बराच वेळ खिडकीबाहेर मक्याची कोवळी रोपं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मी दोन दिवस तुझ्यावर रागावले होते. आता तो राग कुठं ठेवू तेच समजत नाही. तू माझं काहीच बिघडवलेलं नाहीस."

"ते खरं," वर्लिन म्हणाला.

"म्हणजे मी माफी मागायची का तुझी?"

"नको. मला तर वाटतं..." त्याला काय वाटतं ते त्याने घरी येईपर्यंत शोधलं, पण सापडलं नाही.

जूनमध्ये एक दांडगा नर आला. वर्लिन पडवीत होता, बंदूक मांडीवर. या खेपेला त्याने लाल कागद काढून टाकला होता, सगळं लख्ख दिसत होतं. कान, शेपटीची वळी, खुराड्याच्या खिट्टीवर फिरणारी बोटं. त्याने नेम धरला. ही मादी नाही हे त्याला माहीत होतं, कोंबडी जाणार हेही माहीत होतं. तरी बोट हललं नाही. शेवटी त्याने नुसताच घसा खाकरला. नराने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, आणि पुन्हा खिट्टी उघडायला लागला. तेव्हा मात्र वर्लिन खुर्ची आपटत ओरडत धावला.

उरलेल्या तीन कोंबड्या त्याने दुसर्‍या दिवशी लिओटाच्या बहिणीच्या शेतावर पोचवल्या. तिथे दोन कुत्री होती. परत येऊन त्याने बंदूक पुसून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि माळ्याच्या भोकावर नवी फळी ठोकली. लिओटा शिडी धरून उभी होती.

"एक विचारू? तुला नक्की कशाचं वाईट वाटलं? बोक्याचं, त्या आईचं, का कोंबड्यांचं?"

वर्लिन शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला. हातोडी एका हातातून दुसर्‍या हातात घेतली.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "शिडी नीट धर."