मोहिते मॅडम आणि बडोद्याचं ऊन

स्किनच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसलं की किस्से शोधावे लागत नाहीत. ते अपॉइंटमेंट न घेताच येतात! सुभानपुऱ्यात आमच्या डॉ. मोहिते मॅडमचा दवाखाना आहे आणि दाराजवळचं टेबल माझं. घरचे म्हणतात, जेवताना तरी पेशंटचं बोलू नकोस. बरं, पेशंटची नावं मी बदलूनच सांगते. पण सनस्क्रीनचे किस्से सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. मॅडम एरवी एकदम शांत बाई. पण पणजोबा संस्थानच्या फौजेत होते म्हणे, आणि उन्हाचा विषय निघाला की ती फौज मॅडमच्या अंगात येते!

*

कॉलेजमधली एक मुलगी आली. "मॅडम, रोज सनस्क्रीन लावते, तरी टॅन होतंच. ब्रँड बदलू का?"

मॅडम म्हणाल्या, "आधी लावून दाखव."

तिने पर्समधून ट्यूब काढली, मुगाच्या दाण्याएवढा थेंब घेतला आणि कपाळाला, गालांना, हनुवटीला एकेक ठिपका लावला.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "बेटा, हे ऊन लागू नये म्हणून लावलंस, की दृष्ट लागू नये म्हणून?"

मग तिचीच दोन बोटं धरून त्यांवर मुळापासून टोकापर्यंत भरगच्च रेघा काढल्या. "हे एवढं. चेहरा आणि गळा मिळून."

मुलगी किंचाळलीच. "एवढ्यात तर माझा महिना निघतो!"

"तेच तर दुखणं आहे!"

*

शाहकाका रिटायर्ड. सकाळी कमाटीबागेत चालायला जातात, ते ऊन चढेपर्यंत तिथेच गप्पा मारत बसतात. एके दिवशी टक्कल सोलवटून आले. तक्रारीचा सूर असा की जणू मॅडमनीच भाजलं!

"बेन, मोढा पर रोज लगावुं छुं!"

तोंडाला तर रोज लावतो, मग हे काय? मॅडमनी अगदी गंभीरपणे विचारलं, "काका, तोंड धुताना साबण कुठपर्यंत लावता?"

काकांचा हात कपाळावर गेला. तिथे थांबेना. वर सरकला, टाळूवरून मागे गेला आणि मानेपाशी येऊन थबकला. काकांच्या डोक्यात उजेड पडला.

"ठेठ पाछळ सुधी, बेन!"

*

आमच्याकडे दुचाकीवर बसणाऱ्या बायका तोंडाला दुपट्टा असा करकचून बांधतात की सख्खी आई ओळखणार नाही. हिनाबेन त्यातल्याच. गालांवर वांग आलेलं, म्हणून मॅडमनी सनस्क्रीन दिलं. हिनाबेन प्रामाणिक. रोज लावायच्या, लगेच दुपट्टा आवळायच्या आणि गाडीला किक!

पुढच्या व्हिजिटला त्यांनी दुपट्टाच टेबलावर आपटला.

"मॅडम, जुओ! दुपट्टो गोरो थई गयो, हुं ना थई!"

वेटिंगमधले सगळे हसले, मॅडमसुद्धा. मग त्यांनी समजावलं, "हिनाबेन, हे गोरं होण्यासाठी नाहीच. वांग वाढू नये म्हणून आहे. लावलं की जरा मुरू द्या. डबा भरा, गॅस बंद केलाय का बघा, नवऱ्याला हाक मारा. त्याने ओ दिली की मग दुपट्टा बांधा."

हिनाबेन म्हणाल्या, "ए जवाब आपे त्यां सुधी तो सांज पडी जाय!" नवऱ्याने ओ देईपर्यंत संध्याकाळच व्हायची!

*

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मॅडम कॅम्पला गेल्या, सोबत मीही. तिथलं यार्ड उघडं, दिवसभर लोखंड उतरवायचं काम. मॅडमनी सनस्क्रीनची बाटली काढताच मागून हशा आला. सुपरवायझर पवार, भरघोस मिशा, ते म्हणाले, "मॅडम, हा लेडीज आयटम आहे!"

मॅडम रागावल्या नाहीत. "पवार, जरा घड्याळ काढा."

पवारांनी काढलं. पट्ट्याखालची कातडी मऊ, नितळ. तिच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, डागाळलेली, सुरकुतलेली.

"दोन्ही कातडी तुमचीच," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही एकाच वयाची."

पवार आपल्या मनगटाकडे बघतच राहिले.

पुढच्या कॅम्पला गेलो तेव्हा पाण्याच्या कूलरशेजारी सनस्क्रीनची मोठी बाटली ठेवलेली होती. लंच संपवून माणसं कामावर निघालेली आणि पवार दारात उभे राहून एकेकाला अडवत होते.

"पाणी प्यालास? आता थोबाड पुढे कर!"

*

उत्तरायणानंतर आमचं वेटिंग म्हणजे टोमॅटोचा बाजार. दोन दिवस गच्चीवर पतंग उडवत आकाशाकडे तोंड करून उभं राहायचं, मग दुसरं काय होणार? एका वर्षी मॅडमनी ठरवलं, पेशंट यायची वाट बघायचीच नाही. भर दुपारी बाटली घेऊन स्वतःच सोसायटीच्या गच्च्यांवर फिरायला लागल्या. "सकाळी लावलेलं आता घामाने गेलं. परत लावा!"

मॅडमच्या घरासमोरच्या गच्चीवर जिग्नेश. त्याचा पेच लागलेला, तोही मॅडमच्या मिस्टरांशीच! म्हणाला, "हाथ खाली नथी, मॅडम!" दोन्ही हात मांजात गुंतलेले.

"तू पतंग बघ," मॅडम म्हणाल्या आणि मागे उभ्या राहून त्याचं नाक, गाल, मान माखू लागल्या. तेवढ्यात जिग्नेशने मांजाला हिसका दिला आणि सरांचा पतंग गेला!

"काप्यो छे!"

सर पलीकडून ओरडले, "अगं, तू कोणाच्या पार्टीत आहेस?"

मॅडमनी वळूनही पाहिलं नाही. "थांबा हो! कान राहिलाय त्याचा!"

*

आणि ही रेवती. शहरातल्या वाडी भागातल्या एका शाळेत पीटी टीचर, मुलींची खो-खो टीम तिचीच. तिला कोड उठलं. आधी ओठांभोवती, मग बोटांवर. शाळेत कोणी काही बोललं नाही, पण हीच आक्रसत गेली. मास्क आला, हातमोजे आले. शेवटी ग्राउंड दुसऱ्यांना देऊन तिने लायब्ररीचा तास मागून घेतला.

औषधं चालू होती. एकदा तिने हळूच विचारलं, "मॅडम, ग्राउंड सुटलं ते सुटलंच ना?"

"कोणी सांगितलं?" मॅडमचा आवाज बाहेर माझ्यापर्यंत आला. "पांढरा भाग उन्हात लवकर भाजतो, म्हणून तो सांभाळायचा. सनस्क्रीन लाव, दर दोन तासांनी परत लाव, घाम पुसलास तर लगेच लाव. टोपी घाल आणि शिट्टी वाजव!"

रेवतीला वेळ लागला. आधी फक्त सकाळचा तास घेतला. मग एक दिवस मास्क काढून मुलींसमोर उभी राहिली, हे काय आहे ते स्वतःच सांगितलं, हात लावल्याने होत नाही हेही सांगितलं. मुलींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "टीचर, प्रॅक्टिस क्यारे?" प्रॅक्टिस कधी, एवढंच!

थंडीत त्यांची फायनल होती. रेवतीने आम्हाला बोलावलं आणि मॅडमनी चक्क दवाखाना बंद ठेवला. आम्ही पोचलो तेव्हा मुली लिंबाखाली बसलेल्या, एक ट्यूब हातोहात फिरत होती. मग त्या रांगेने मैदानात आल्या. सगळ्यांच्या ओठांभोवती पांढरे जाड पट्टे. बोटांवरही तसेच.

मी कॅप्टनला हाक मारली, "अगं, चोळून घ्या नीट! पांढरं राहिलंय!"

ती हसली. "ना आंटी, अमारे टीचर जेवुं ज राखवुं छे!" टीचरसारखंच ठेवायचंय आम्हाला!

पलीकडे रेवती हातात शिट्टी धरून नुसती उभी होती. मी सवयीने मुलींना परत हाक मारणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात घट्ट दाबला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर लावलंय."