बांधावरची भाजी

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. लेकीला माहीत नाही, गटातल्या बायकांना तर गंधही नाही. नवऱ्याला माहीत आहे — पण आम्ही त्यावर एकदाच बोललो, अन् मग दोघंही कायमचे गप झालो. आज तुम्हाला सांगून राहिले. का, ते विचारू नका. मलाच धड कळलेलं नाही.

माझं तोंड लई फटकळ. गावात कुणालाही विचारा. ग्रामसेवकाला झापलंय, सरपंचाला भर सभेत खाली बसवलंय. म्हणून तर बायकांनी मला बचत गटाची अध्यक्ष केलं. कंधारच्या बाजारातून शिळी भाजी कशाला आणायची, आपल्या रानात पिकतं-उगवतं तेच खाऊ की — हे माझंच डोकं. घराघरातल्या ओल्या कचऱ्याचं खत केलं, शाळेमागं भाज्यांचे वाफे लावले. अन् पंचशीलाला गटात मीच घेतलं. बौद्धवाड्यातून गटात आलेली ती पहिली बाई. दोघीतिघींनी नाकं मुरडली, तर मी म्हटलं, जिला जमत नाही तिनं खुशाल घरी बसावं. अहाहा, काय मोठं वाटलं होतं मला स्वतःचंच!

पंचशीला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. नवरा वारलेला, पदरात दोन पोरी, त्या कामावरच घर चालायचं. काही घरची पोरं शाळेत डबा आणायची, खिचडीला हात लावायची नाहीत. का, ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण उघड बोलायची कुणाची छाती नव्हती — कायद्याची भीती, अन् थोडी माझीही.

तर पावसाळ्यात आम्ही शाळेच्या पटांगणात रानभाज्यांचा दिवस ठेवला. तालुक्याहून शेतीखात्याच्या मॅडम येणार होत्या. तांदुळजा, घोळ, कुंजीर — निंदून बांधावर फेकतो तीच भाजी शिजवायची, अन् पोरांना, बायामाणसांना भाकरीसंगं वाढायची. सकाळी मी आमच्या सोयाबीनच्या बांधावरून पाटीभर कुंजीर खुडून आणलं. काही शेंडे पिवळे दिसले. दिसले होते मला — हे लपवायचं नाही आता. ऊन लागलं असेल म्हणून तेवढे काढून टाकले, अन् पाटी पंचशीलापुढं ठेवली. तिनं निवडली, धुतली, चिरली. फोडणी मी घातली.

दुपारनंतर पोरं ओकायला लागली. आधी एक, मग चार, मग मोजायचं भान कुणाला! जीप करून सगळ्यांना कंधारच्या दवाखान्यात नेलं. मी मागं राहिले, आवरायला म्हणून. नवरा शेतातून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं अन् विचारलं, भाजी कुठली होती? मी सांगितलं. तो म्हणाला, "अगं, त्या बांधावर तर परवाच तणनाशक मारलंय मी."

बघा म्हणजे. बायको जिला भाजी म्हणून खुडते, नवरा तिलाच तण म्हणून मारतो — अन् एका घरात राहून एकमेकांना सांगायचं सुचत नाही! पण ती चूक झाली. ती मी केव्हाच कबूल केली असती, असं मला वाटायचं. मग केली का नाही? दवाखान्यात कळवायला हवं होतं, पोरांच्या पोटात काय गेलंय ते. फोन हातातच होता. नवरा म्हणाला, गप बस, केस होईल. अन् मी — सरपंचाला खाली बसवणारी मी — बसले गप. पोरं बरी होऊन घरी आली ते त्यांचं नशीब. त्यात माझं काहीही नाही.

मग शाळेत सभा भरली. कुणीतरी विचारलं, भाजी निवडली-धुतली कुणी? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. पंचशीला कोपऱ्यात उभी होती.

"पंचशीलानं," मी म्हटलं.

खोटं होतं का ते? एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर तोंडातून इतकं सहज निघालं. पण ते बोलताना मला पक्कं ठाऊक होतं, समोर कोण बसलंय अन् ते कशाची वाट बघून राहिलेत. तिच्या हातचं नको, हे ज्यांना इतकी वर्षं म्हणायचं होतं त्यांना मी आयतं कारण दिलं. लगेच एकेकाला वाचा फुटली. आमच्या लेकरायच्या जिवाचा प्रश्न हाय, म्हणाले. जातीचं नाव कुणी घेतलं नाही, गरजच पडली नाही.

तिचं काम गेलं. खिचडी आता माझी जाऊ शिजवते. डबे बंद झाले, सगळी पोरं एका पंगतीत जेवतात, अन् लोक म्हणतात, शाळा सुधारली. मी ऐकून घेते.

पंचशीला पोरींना घेऊन लातूरकडं भावाच्या गावी गेली. जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आली होती. मला वाटलं, हिला कळलं. भांडेल, शिव्या देईल — दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. "वैनी," म्हणाली, "म्या नीट धुतली व्हती वो. तरी काय राहून गेलं असंल? लेकरायला काही झालं असतं, तर कुठं तोंड दाखवलं असतं म्या? तुम्ही मला गटात घेतलं अन् म्या तुमचंच नाव खराब केलं. माफी करा." अन् रडायला लागली.

तेव्हा तरी बोलायचं होतं. समोर ती एकटीच होती, ना सभा, ना सरपंच. मी बाहेर गेले, तिच्या खांद्यावर हात ठेवला, अन् म्हणाले, जाऊ दे, रडू नको, होतं असं माणसाच्या हातून.

मी तिला माफ केलं.