धिरयोला वयाची अट नाही, गेमवर मात्र बंदी

मंडळी, आज सकाळी पेडण्याजवळच्या आमच्या गावच्या ग्रामसभेत ठराव आला: माझ्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये अठरा वर्षांखालच्या कुणालाही गेम खेळायला देऊ नये. गेमच्या निमित्तानेच मुलं माझ्या कोडिंगच्या वर्गाला येतात. ठराव झाला तर सेंटर बंद पडेल.

ठराव मांडणारे आमचे शेजारी, नाना.

"बाय, तुझ्या मशिनींवर पोरां मारामारी शिकतात."

"गोळीबाराचे गेम सोळाच्या आतल्यांना मी देत नाही, नाना. वही बघा, प्रत्येकाची जन्मतारीख आहे."

"तरी रगत बघतात न्हय?"

"गेल्या रविवारी बैलांच्या झुंजीला, धिरयोला, तुमची सात वर्षांची नात तुमच्या खांद्यावर होती. एका बैलाचं शिंग दुसऱ्याच्या पोटात घुसलं, ते रक्त खरं होतं."

मागे कुणीतरी हसलं. नाना म्हणाले, "ती आपली परंपरा."

निर्णय पुढच्या सभेवर गेला.

लहानांनी हिंसा बघू नये, हे मला मान्य आहे. म्हणूनच मी वय तपासते. पण नियम पडद्याला लागतो तसाच मैदानालाही लागला पाहिजे. सरसकट बंदीऐवजी हिंसेला वयाची अट, गेममध्येही आणि धिरयोलाही, ही दुरुस्ती मी पुढच्या सभेत मांडणार आहे. तिथे हात वर करणारं तुमच्यापैकी कोण आहे?