तुटक रेघ

माझा नवरा मला पाहायला आला तेव्हा त्याने तोंडातून एक शब्द काढला नव्हता. घरी परत गेल्यावर बहिणीला म्हणाला, "केस चांगले आहेत." नणदेने ते वाक्य इमानेइतबारे माझ्यापर्यंत पोचवलं आणि मी त्या एका वाक्यावर अख्खा संसार केला. कारण त्यानंतर तारीफ म्हणून काही आलंच नाही. भाजी चांगली झाली तर तो दुसऱ्यांदा वाढून घेणार, साडी चांगली दिसली तर "निघायचं का" म्हणणार. बास.

पण केसांचं मला माहीत होतं. रविवारी न्हाऊन मी गॅलरीत वेणी घालायला बसले की तो पेपर घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसायचा. वेणी शेवटपर्यंत गुंफून होईस्तोवर पेपरचं पान काही उलटायचं नाही. मी मुद्दाम सावकाश घालायची.

मागच्या वर्षी मला तो आजार झाला, ज्याचं नाव आमच्या नात्यातल्या बायका अजून कुजबुजत घेतात. रामदासपेठेतल्या दवाखान्यात सलाइनवाटे औषधं चढली आणि उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले. शेवटी ओळखीच्या पार्लरवालीला घरी बोलावलं. खोलीचं दार लावून घेताना नवऱ्याला म्हटलं, "आत यायचं नाही, जी." तो आला नाही. कापलेल्या वेणीचं काय केलं हे मी त्याला सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

तेव्हापासून डोक्याला स्कार्फ. नागपूरचं एक बरं आहे बापा, इथे उन्हाळ्यात बाई डोकं-तोंड बांधून फिरली तर कोणी ढुंकून पाहत नाही. सगळ्याच बांधतात. माझा मात्र घरातही असायचा. स्वयंपाक करताना, टीव्ही पाहताना, झोपतानासुद्धा. गाठ अशी पक्की मारायची की सकाळी उठून चाचपावं तर स्कार्फ जसाच्या तसा. औषधं संपली, रिपोर्ट चांगले आले, डोक्यावर बोटाला टोचेल एवढे केसही आले. पण ते मी आरशात पाहत नव्हते, तर त्याला कुठून दाखवणार? ज्या गोष्टीसाठी या माणसाने मला पसंत केलं ती गोष्टच गेली होती. उरलेली मी त्याला चालते की नाही, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. एरवी माझ्या तोंडाचा पट्टा अख्ख्या गल्लीला माहीत आहे, पण याबाबतीत माझी बोलतीच बंद होती.

मुलगी पुण्याला असते. तिने तिथूनच फोनवर माझं नाव एका चित्रकलेच्या वर्गात घालून टाकलं. मोठ्या माणसांसाठीचा वर्ग, दर रविवारी सकाळी, आणि तोही रामदासपेठेतच, एका दाताच्या दवाखान्याच्या वर. मी तिला झाडलं. म्हटलं, त्या भागात मी सुया टोचून घ्यायला जायची, आता चित्रं काढायला जाऊ? ती म्हणाली, "म्हणूनच जा, आई."

गेले. आम्ही सहा-सात जण होतो. शिकवणारी पोरगी माझ्या मुलीच्या वयाची, सगळ्यांना काका-काकू म्हणणारी. माझ्या शेजारी जरीपटका भागातले एक तयार कपड्यांचे दुकानदार बसायचे. डॉक्टरांनी त्यांना बीपीसाठी काहीतरी छंद लावून घ्या म्हटलं होतं. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज आला की ते रबर खाली ठेवून गाल धरायचे.

नवरा मला स्कूटरवर सोडायचा आणि खाली चहाच्या टपरीवर थांबायचा. एप्रिलचं ऊन. दुसऱ्या रविवारी त्या पोरीने खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, "काका, वर कूलर आहे, या ना." तो कूलरसाठी वर आला, तर तिने त्याच्या हातात बोर्ड आणि कागद दिला.

आता हे सांगायला पाहिजे की माझा नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. मशीनचे पार्ट बनवायचे तर आधी त्यांचं ड्रॉइंग लागतं, ते काढण्यात त्याचा जन्म गेला. त्या दिवशी टेबलावर वांगं ठेवलं होतं. आम्ही सगळे आपापल्या परीने वांगं काढत होतो. माझं दुधी भोपळ्यासारखं झालं. नवऱ्याने उठून खिशातल्या पट्टीने वांगं मोजलं. मग कागदावर तीन वांगी काढली. एक समोरून, एक बाजूने, एक वरून. वरून म्हणजे नुसता देठ आणि भोवती गोल. प्रत्येकाला बाण, बाणांवर मिलिमीटर. आणि वांग्याच्या पोटात तुटक-तुटक रेघांनी बियांचा गाभा.

ती पोरगी चाट पडली. "काका, वांगं जसं दिसतं तसंच काढायचं होतं."

"दिसते तसं काढलं, तर त्याच्यावरून दुसरं वांगं बनवता येईन का?" त्याने अगदी मनापासून विचारलं.

"पण आपल्याला वांगं बनवायचं नाहीये, काका."

हे काही त्याला पटलं नाही. बनवायचं नाही तर ड्रॉइंग काहून काढायचं, हे तो मला घरी येईपर्यंत विचारत होता. मी विचारलं, "आणि बिया कशा दिसल्या तुम्हाले? वांगं तर चिरलं नव्हतं." तेव्हा त्याने मला समजावून सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्याला क्वचितच ऐकलंय.

"जे दिसते त्याची रेघ अखंड. जे आहे पण झाकलेलं आहे, त्याची तुटक. आणि जे नाहीच, त्याची रेघ नसते. एवढं ज्याले समजलं त्याले ड्रॉइंग समजलं."

म्हटलं, बरं बापा.

पण वर्गात त्याचं मन लागलं. मे महिन्यात चेहरे सुरू झाले. दर रविवारी एकाने खुर्चीवर बसायचं आणि बाकीच्यांनी त्याला काढायचं. पहिले दुकानदार बसले. आम्ही सगळे त्यांच्या मिशांत अडकलो. माझ्या नवऱ्याने त्यांना समोरून, बाजूने आणि वरून काढलं, आणि शर्टाच्या खिशात तुटक रेघांनी चष्म्याची डबी. दुकानदार खूश. "भाईसाब, मेरा चश्मे का डिब्बा भी आ गया," असं म्हणत त्यांनी तो कागद घरी नेला.

मी हसले, आणि मधेच थांबले. कारण ती पोरगी म्हणाली, "पुढच्या रविवारी काकू."

सगळा आठवडा मी धुसफुसत काढला. समोर बसायचं म्हणजे तासभर त्याने माझ्याकडे पाहायचं. आणि काढायचं काय ते मला ठाऊक होतं. तो वेणी काढणार. पाठीमागे, तुटक रेघांनी, कमरेपर्यंत. दिसत नाही पण आहे, असं म्हणून. ती वेणी त्याच्या डोळ्यांपुढे रोज असणार, मी नुसती तिची खुंटी. असं सगळं मनात येत होतं आणि राग भाकऱ्यांवर निघत होता.

शनिवारी म्हटलं, "मी नाही येत उद्या."

"काहून?"

"गुडघा दुखून राहिला."

"खुर्चीवर तर बसायचं आहे. गुडघ्याचं काय काम?"

मी भांडी अशी आपटली की शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं. तो पेन्सिलींना टोक करत बसला.

रविवारी सकाळी मीच आधी तयार झाले. राग आला की मी अशीच करते. म्हटलं, काढू दे वेणी. एकदा कागदावर आली की भांडायला तरी काही हातात येईल.

खुर्चीवर बसले. कूलरचं वारं स्कार्फच्या टोकावर येत होतं, म्हणून टोक हातात धरून ठेवलं. सगळे माझ्याकडे पाहायचे, कागदाकडे पाहायचे, परत माझ्याकडे पाहायचे. नवरा मात्र नाही. त्याने सुरुवातीला एकदा पाहिलं आणि जी मान खाली घातली ती घातली. पट्टी फिरत होती, पेन्सिल चालत होती, पण माझ्याकडे पाहणं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर जिवंत बायको बसली आहे आणि हा माणूस आठवणीतली काढून राहिला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घामाच्या निमित्ताने पुसलं. वेळ संपत आली तेव्हा ती पोरगी त्याला म्हणाली, "काका, आज दोनच चित्रं?" तो म्हणाला, "साइड व्ह्यू राहिला."

सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले. मी बाकीच्यांकडे पाहिलंच नाही, तडक त्याच्या बोर्डापाशी गेले आणि आधी मानेमागे पाहिलं.

वेणी नव्हती.

मग खांद्यावर पाहिलं, पाठीशी पाहिलं. कुठेच नव्हती. समोरून माझा चेहरा होता, अखंड रेघेत. गालावरचा डाग होता, आजारपणात खोल गेलेले डोळे होते, त्यांचंही माप होतं. स्कार्फ होता, गाठीसकट. आणि स्कार्फच्या आत, तुटक रेघांनी, माझं डोकं. जसं आता आहे तसं. मागे जरासं चपटं. कानावर वळलेले ते दीड बोटाचे केस. त्याच्या खाली, वरून पाहिलेलं डोकं, त्यात केस कुठून कुठे वळतात ते सगळं बारीक तुटक रेघांनी दाखवलेलं, आणि टाळूवर दोन भोवरे. एक मोठा, एक जरासा बाजूला.

मला दोन भोवरे आहेत हे मला माहीत नव्हतं. एवढ्या केसांत कोणाला दिसणार? आईलाही कधी दिसले नसावेत, नाहीतर तिने डोक्याला हात लावला असता. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात असं ती म्हणायची.

त्या पोरीने हळूच विचारलं, "काका, हे आतलं कसं काढलं?"

"आहे ते काढलं," तो म्हणाला आणि पट्टी खिशात ठेवली.

दुकानदार जवळ आले, त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता आपला बोर्ड उचलायला गेले. त्याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे.

खाली आलो. स्कूटरवर मागे बसून मी कागदाची गुंडाळी मांडीवर धरली होती. पहिल्या सिग्नलपर्यंत दम धरला. सिग्नलला झाडाच्या सावलीत थांबलो, तेव्हा विचारलं, "तुम्ही कधी पाहिलं जी माझं डोकं?"

"झोपीत सरकते तुह्या स्कार्फ."

"सकाळी तर जागेवर असते."

"मी करून देतो ना नीट."

वर्षभर मी माझ्या गाठीवर भरवसा ठेवून होते. आणि हा माणूस रोज तो सरकलेला स्कार्फ परत माझ्या डोक्यावर ओढत होता, मला कळू नये म्हणून. मला वाटत होतं मी त्याच्यापासून लपून आहे, आणि तो मला लपायला मदत करत होता.

"वेणी काहून नाही काढली?" मी विचारलं.

"नाही ना ती आता."

एवढंच. त्यात हळहळ नव्हती की समजूत घालणं नव्हतं. त्या वांग्याच्या वेळी सांगितलेला नियम होता तो. मी त्याच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि रडले. मागचा ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला तेव्हा कळलं की सिग्नल सुटला होता.

घराजवळ आल्यावर जरा जिवात जीव आला. म्हटलं, "दोन भोवरे आहेत मले. आई म्हणे, दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात."

"मंग?"

"मंग दुसरं कोणासंग होईन?"

त्याने स्कूटर फाटकाशी लावली, स्टँडवर चढवली, विचार केला. "बाकी कोण करन तुह्यासंग. इतकी बोलते तू."

वर आलो. मी पाणी प्यायले, पंखा लावला आणि गॅलरीतली ती रविवारची खुर्ची आत ओढली. त्यावर बसले, भिंतीकडे तोंड करून, त्याला बाजूने दिसेन अशी. गाठ पक्की, लवकर सुटेना. तो मदतीला उठला, मी म्हटलं, बसा. सुटली. स्कार्फ मांडीवर ठेवला. डोक्याला पंख्याचं वारं लागलं, किती महिन्यांनी.

"साइड व्ह्यू राहिला ना," मी म्हटलं. "काढा."

त्याने गुंडाळी उलगडून टेबलावर पसरली, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. मग मान वर करून पाहिलं. परत पाहिलं. हातातली पेन्सिल तशीच, कितीतरी वेळ. शेवटी टेकवली, आणि कपाळापासून मानेपर्यंत माझं डोकं अखंड रेघेत काढलं.