डोंगरातलं सपाट गाव

टूरच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्च्यांवर एक जोडपं बसलं होतं. काका माहितीपत्रकातल्या एका पहाडी गावाचा फोटो बघत होते. उतरती छपरं, अरुंद बाजार, मागे बर्फ. काकूंनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "हॉटेलला पायऱ्या किती?"

"हिला डोंगरात सपाटी हवी," काका म्हणाले. "सोलापूरला जाऊ या का?"

"जाऊ की. तिथं छातीत कळ आली म्हणून तुम्हाला उचलून तरी आणावं लागणार नाही."

काउंटरवरची मुलगी हसली. मला हसू आलं नाही. ज्याच्याबरोबर हृदयविकाराचा माणूस असतो, त्याला डोंगर दिसत नाही, चढ दिसतो. माझ्या नवऱ्याच्या आजारपणात मीही प्रत्येक गाव असंच तपासलं. दवाखाना जवळ आहे का, गाडी दारापर्यंत जाते का. तो आवडलेलं गाव दाखवायचा आणि मी खोट काढायची. भांडणात सुट्टी संपायची. आम्ही कुठेच गेलो नाही. मागच्या हिवाळ्यात तो गेला.

माझा नंबर आला. मी त्याच फोटोवर बोट ठेवलं.

"मॅडम, स्टँडपासून वर चालत जावं लागतं," मुलगी म्हणाली. "बरोबर वयस्कर कोणी नाही ना?"

"कोणीच नाही."

तिने लगेच बुकिंग केलं. भांडायला कोणी नसलं की गाव ठरवायला काही वेळ लागत नाही.