गुरुवारची फायनल

आमच्याकडे रविवार गुरुवारी येतो. बाहेरगावच्या नातेवाइकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे जरा काळजीने बघतात, म्हणून खुलासा करते. पिंपरी-चिंचवडच्या बहुतेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्यामुळे पोरींची बघणी, केस कापणं, मटण आणणं, सासुरवाडीला जाऊन येणं, सगळं गुरुवारी. आणि कारखाने बंद असतात म्हणून वीजवालेही आपली दुरुस्ती गुरुवारीच काढतात. सुट्टीच्या दिवशी लाइट जाणार, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी स्नूकरची पंच आहे. पन्नाशी उलटलेली बाई, काळी पँट, पांढरे हातमोजे. पहिल्याच वर्षी एका खेळाडूने विचारलं होतं, "काय काकू, भांडी घासायला आलात का?" त्या सामन्यात मी त्याला तीन फाउल दिले. तिन्ही खरे होते, हे मुद्दाम सांगते. या वाटेला मी लागले ती मुलीमुळे. ती निगडीच्या क्लबात शिकायला जायची आणि मी तिची वाट बघत बाकावर बसायची. दहावीत तिने खेळ सोडला. मी बाक सोडला नाही. नियम पाठ केले, परीक्षा दिली आणि उभी राहिले. नवरा अजून म्हणतो, "दोन हजारांची फी तिची भरली, शिकलीस तू."

त्याच क्लबात राज्याची व्यावसायिक स्पर्धा झाली, तिची ही गोष्ट. प्रेक्षक मिळावेत म्हणून आयोजकांनी फायनल गुरुवारी दुपारी ठेवली. लाइटचं काय, असं मी बैठकीत विचारलं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, स्पर्धेसाठी खास जनरेटर आणतोय ना, कशाला टेन्शन घेता?" मी गप्प बसले. पंचाने गप्प बसायचं असतं.

फायनलला एका बाजूला मुंबईचा नावाजलेला खेळाडू होता. दुसऱ्या बाजूला आमच्या क्लबातला, चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपवर, म्हणजे पत्रे दाबायच्या मशीनवर, काम करणारा. तिशी ओलांडलेला, अबोल, शिफ्ट संपली की सरळ टेबलावर. कंपनीत तो बरीच वर्षं कंत्राटी होता. ज्यांनी या पट्ट्यात आयुष्य काढलं नाही त्यांना कंत्राटी आणि कायम यांतला फरक कसा सांगायचा? एकाच मशीनवर शेजारी शेजारी उभे राहणारे दोघं, पण एकाला बँक घरासाठी कर्ज देते आणि दुसऱ्याला मोबाइलसुद्धा हप्त्यावर मिळत नाही. मुलीचा बाप पहिला प्रश्न विचारतो तो हाच, "पर्मनंट आहेत का?" याच्या बाबतीत तो प्रश्न विचारला गेला की चहा यायच्या आत बघणी संपायची. कंपनीच्या मॅनेजरने त्याला सांगितलं होतं, ही स्पर्धा जिंक, खेळाडूंच्या कोट्यातून तुला कायम करतो. वयाची मर्यादा त्या वर्षीच संपत होती. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच गुरुवारी. हे क्लबात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, पण हातमोजे चढवले की असलं काही माहीत असून चालत नाही.

तिसरा माणूस म्हणजे आमचा मार्कर. मार्कर म्हणजे टेबल पुसणारा, बॉल लावणारा, गुण मांडणारा. हे चाकणजवळच्या खेड्यातले, धोतर सोडून पँटीत आलेले आणि क्लब सुरू झाल्यापासून तिथेच असलेले बाबा. क्लब रस्त्याला लागून आहे, पलीकडे चिखलीच्या बाजूने वर्कशॉपांची धूळ येते. लाइट गेली की एसी बंद, एसी बंद की खिडक्या उघडायच्या आणि खिडकी उघडली की टेबलाच्या हिरव्या कापडावर धूळ बसणार. म्हणून क्लबातली रीत अशी होती, की लाइट गेली रे गेली की बाबांनी बॉल उचलायचे, टेबलावर आच्छादन घालायचं आणि मगच खिडकी उघडायची. वर्षानुवर्षं ते हेच करत आले. आमच्या रोजच्या खेळात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. लाइट गेली म्हणजे डाव मोडला, चला चहाला.

फायनल चार-चार फ्रेमवर, म्हणजे डावांवर, बरोबरीत आली. शेवटची फ्रेम. टेबलावर, ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा सोडून, दोनच बॉल उरले होते, पिंक आणि ब्लॅक. आमचा माणूस दहा गुणांनी मागे. पिंकचे सहा, ब्लॅकचे सात, म्हणजे त्याला दोन्ही खिशात घालणं भाग होतं. मुंबईवाल्याची पाळी होती. त्याने पिंक मारला आणि तो चुकला. पिंक मधल्या खिशाजवळ राहिला, पांढरा लांबच्या कडेला कुशनपाशी, म्हणजे काठाच्या रबरी पट्टीपाशी, जाऊन थांबला. मुंबईवाला खुर्चीत बसला आणि त्याने तोंडावर टॉवेल घेतला. आमचा उठला, क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, खडू लावू लागला. मी टेबलाच्या या टोकाला होते.

आणि लाइट गेली.

सगळ्या हॉलने एका आवाजात "ओऽऽऽ" केलं. लाइट गेली की आपल्याकडे का ओरडतात हे मला आजवर कळलेलं नाही, पण सगळे ओरडतात. "कुणी टेबलाला हात लावू नका," हे माझं वाक्य त्या आरडाओरड्यात पार बुडालं. खिडक्यांना काळे पडदे, त्यामुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. जनरेटर घरघरला, दिवे लागले आणि बघते तर टेबल झाकलेलं. चारी कोपरे नीट ओढून. बाबा खिडकीची कडी काढत होते.

बाबांनी मागे वळून सगळ्यांची तोंडं बघितली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मटकन खालीच बसले. "मॅडम, बेस्तरवार हाय, लाइट गेली, हात आपसूक गेला वो. मला सुदच न्हाई ऱ्हायली." अध्यक्ष त्यांच्यावर धावून आले, "उद्यापासून येऊ नका!" मुंबईवाल्याबरोबर आलेला एक गृहस्थ त्याहून मोठ्याने म्हणाला, "हे ठरवून केलंय. घरचा क्लब, घरचा मार्कर, घरच्या पंचबाई. आता बॉल पाहिजे तिथे ठेवतील." माझं डोकं असं सणकलं म्हणून सांगू! पण मी हातमोज्यात होते. त्या गृहस्थाला म्हटलं, खाली बसा, नाहीतर बाहेर काढते. बसला.

पिंक आणि ब्लॅकच्या जागा मला पक्क्या माहीत होत्या, त्या दोन्ही खेळाडूंनी मान्य केल्या. घोळ पांढऱ्याचा होता. बारा फुटी टेबलाच्या त्या टोकाला बॉल कुशनला टेकलाय की चार बोटं सुटलाय, हे माझ्या बाजूने कळत नाही. आणि सगळा खेळ त्या चार बोटांचा होता. सुटलेला असला तर पिंक सरळ जातो. टेकलेला असला तर क्यू उचलून बॉलच्या फक्त डोक्यावर मारावं लागतं, मग देवाची कृपा. सामना मोबाइलवर दाखवणाऱ्या पोरांना विचारलं, तर त्यांनी ऐन वेळी कॅमेरा मुंबईवाल्याच्या टॉवेलवर नेला होता. कपाळ माझं! प्रेक्षकांतून आवाज सुरू झाले, "लांब होता मॅडम! चांगला वीतभर!" पाच मिनिटांत तो बॉल टेबलाच्या मध्यापर्यंत आला असता.

मी मुंबईवाल्याला विचारलं. सज्जन माणूस. म्हणाला, "मी पाहिलं नाही. तो सांगेल ते मला मान्य."

मग मी आमच्या माणसाला विचारलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. अध्यक्ष बाबांच्या दंडाला धरून त्यांना दाराकडे नेत होते, तिकडे बघत होता. मी परत विचारलं, "पांढरा कुठे होता?"

"टेकलेला होता," तो म्हणाला.

हॉलमधून शिव्या आल्या, त्याच्याच दोस्तांच्या. मी पांढरा उचलून कुशनला टेकवून ठेवला. मघाचा तो गृहस्थ एकदम गार पडला. अध्यक्षांनी बाबांचा दंड सोडला. आमच्या माणसाने क्यू उचलून धरला, बराच वेळ निशाणा घेतला आणि मारलं. पिंक खिशाच्या ओठाला लागून बाहेर आला. मुंबईवाल्याने तो घातला, फरक सोळाचा झाला आणि सामना संपला. हस्तांदोलन झालं, मी निकाल सांगितला. घरी येऊन भात टाकला. वाईट वाटलं, पण पंचाला वाटावं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्लबच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. कुणाच्या तरी बहिणीने वरच्या गॅलरीत उभं राहून स्वतःचं रील केलं होतं. तिच्या मागे खाली टेबल दिसत होतं, मुंबईवाल्याचा पिंक चुकल्यानंतरचं, लाइट जायच्या जरासं आधीचं. पांढरा कुशनपासून चांगला चार बोटं सुटलेला. मी ते मोठं करून करून बघितलं. मग दुपारी चप्पल घातली आणि निगडीच्या बस स्टँडवर गेले, कारण दुसऱ्या शिफ्टला आमचा तो खेळाडू तिथूनच जातो हे मला माहीत होतं.

तो डबा घेऊन उभा होता. मी मोबाइल त्याच्यापुढे धरला. "तुला हे दिसलं होतं की नव्हतं?"

"दिसलं होतं, मॅडम."

"मग?"

"तिथे ठेवून जिंकलो असतो तर कुणी मानलं असतं का? बाबांना तर तिथल्या तिथे हाकललं असतं. आणि तुमचंही नाव..."

"माझं नाव गेलं खड्ड्यात!" मी ओरडले. रांगेतले लोक वळून बघायला लागले. "तू पंचाशी खोटं बोललास. स्वतःच्या नुकसानीचं असलं म्हणून ते खरं होत नाही. तुझ्या शब्दावर मी निकाल दिलाय, कळतंय का तुला?"

"हो. चुकलं माझं."

असं सरळ चुकलं म्हणणाऱ्या माणसावर आणखी काय ओरडणार? मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. मी मोबाइल पर्समध्ये टाकला.

"मॅडम, एक विचारू?" तो म्हणाला. "पांढरा होता तिथेच असता, तर पिंक गेला असता का? तुम्ही इतके बघितलेत. खरं सांगा."

सांगता येत नाही, असं म्हणता आलं असतं. कुठल्याही शहाण्या बाईने तेच म्हटलं असतं. पण नुकतीच मी त्याला खोटं बोलण्यावरून झापलं होतं.

"गेला असता," मी म्हणाले. "आणि पुढे ब्लॅकही गेला असता. सरळ होता."

त्याने मान हलवली. "म्हणजे झालो असतो कायम," तो म्हणाला.

तेवढ्यात कंत्राटदाराची बस आली. बसायला जागा नव्हती. तो डबा छातीशी धरून चढला आणि दारातच उभा राहिला.